आजीनें न वाचूं दिलेलीं पत्रें

धर्मग्रंथाचा अर्थ जितका त्याच्या शब्दांत असतो तितकाच तो वाचणाराच्या स्थितींतहि असतो, हें मत टीकाशास्त्रांत आतां नवें राहिलेलें नाहीं. पंडितांनीं त्यावर मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. परंतु या मताचा एक अत्यंत करारी दाखला अमेरिकेच्या फ्लॉरिडा संस्थानांतील डेटोना गांवीं एका निरक्षर वृद्धेनें घालून दिला, आणि त्यासाठीं तिला एक ओळहि लिहावी लागली नाहीं. नॅन्सी अँब्रोज हें तिचें नांव. तिचें पूर्वायुष्य गुलामगिरींत गेलेलें होतें. स्वतःला वाचतां येत नसल्यामुळें ती आपल्या नातवाकडून आठवड्यांतून दोनतीनदां बायबल वाचवून घेई. पण संत पॉलचीं पत्रें वाचण्यास मात्र ती त्याला परवानगी देत नसे. प्रेमाची थोरवी सांगणारें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचें तेरावें प्रकरण तेवढें क्वचित् चाले. नातू कॉलेजांत गेल्यावर त्यानें धीर करून तिला याचें कारण विचारलें. तेव्हां तिनें सांगितलें कीं, गुलामगिरीच्या दिवसांत मालकाचा पाद्री वर्षांतून तीनचार वेळां गुलामांपुढें प्रवचन करी, आणि पॉलचा आधार घेऊन, धन्याची आज्ञा पाळणें हाच गुलामाचा धर्म होय, असें बजावी. आपणांस कधीं काळीं वाचतां येऊं लागलें आणि कधीं काळीं आपली सुटका झाली, तर बायबलाचा तेवढा भाग वाचावयाचा नाहीं, अशी शपथ तिनें देवाला स्मरून घेतली होती.

हा नातू म्हणजे हॉवर्ड थर्मन. १८ नोव्हेंबर १८९९ रोजीं त्यांचा जन्म झाला व १० एप्रिल १९८१ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें त्यांनीं देह ठेवला. १९३२ ते १९४४ पर्यंत ते वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिराचे अधिष्ठाते होते आणि १९५३ ते १९६५ पर्यंत बॉस्टन विद्यापीठांत त्याच पदावर होते. मधल्या काळांत, १९४४ सालीं, आल्फ्रेड फिस्क या गोऱ्या धर्मोपदेशकाच्या सहकार्यानें त्यांनीं सॅन फ्रान्सिस्को येथें सर्व वर्णांच्या लोकांसाठीं एक प्रार्थनासंघ स्थापन केला. आफ्रिकेंतून बळजबरीनें नेलेल्या लोकांच्या अमेरिकन वंशजांत आध्यात्मिक आचार्य म्हणून जीं थोडीं नांवें आदरानें घेतलीं जातात, त्यांत थर्मन यांचें नांव फार वरचें आहे.

अशा पुरुषाचें स्मरण करण्याची एक रूढ पद्धति पडून गेली आहे. थर्मन हे मार्टिन ल्यूथर किंग यांचे मार्गदर्शक होते, हें वाक्य प्रथम लिहिलें जातें आणि पुष्कळदां लेख तेथेंच संपतो. किंग यांचे वडील व थर्मन हे दोघेहि अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजाचे विद्यार्थी होते. धाकटे किंग बॉस्टनला डॉक्टरेटचा अभ्यास करीत असतां थर्मन तेथें अधिष्ठाते म्हणून आले. थर्मन यांचें एक लहानसें पुस्तक किंग प्रवासांत जवळ बाळगीत, असें सांगितलें जातें. या गोष्टींचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. परंतु गुरूची उंची शिष्याच्या कीर्तीनें मोजण्यांत गुरूचा सन्मान होतो असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या पुस्तकाचा असा उल्लेख केला जातो तें उघडून पाहणें, त्यांतील खरें कोणतें व उणें कोणतें हें सांगणें, हाच ग्रंथकाराचा खरा सन्मान होय. म्हणून १९४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या «जीझस अँड द डिसइन्हेरिटेड» या सुमारें शंभर पानांच्या पुस्तकाकडे आम्ही वळतों. 'येशू आणि वारसा हिरावलेले लोक' असा त्याच्या नांवाचा अर्थ करतां येईल.

या पुस्तकाचें मूळ एका प्रश्नांत आहे, आणि तो प्रश्न आपल्या शेजारींच, सिंहलद्वीपांत, विचारला गेला. १९३५ च्या अखेरीस थर्मन, त्यांच्या पत्नी स्यू बेली थर्मन व दुसरें एक दांपत्य असें मंडळ ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या वतीनें हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन या देशांच्या दौऱ्यावर आलें होतें. कोलंबोच्या कायदे-महाविद्यालयांत थर्मन यांचें व्याख्यान झालें. त्यानंतर एका विधिज्ञानें त्यांना कॉफीसाठीं बोलावून सरळ विचारलें कीं, तुम्ही येथें आलांत तरी कशासाठीं? तुमच्या पूर्वजांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून नेणारे ख्रिस्ती होते; गुलाम वाहून नेणाऱ्या एका इंग्रजी जहाजाचें नांवच येशूचें होतें; आजहि तुमच्या देशांत गोऱ्यांचें चर्च निराळें व काळ्यांचें निराळें. असें असतां त्याच धर्माचे प्रतिनिधि म्हणून तुम्ही हिंडतां, हा जगांतील समस्त सांवळ्या लोकांशीं केलेला द्रोह नव्हे काय? हें संभाषण पांच तास चाललें असें थर्मन सांगतात. आम्हांस तर वाटतें कीं तें चौदा वर्षें चाललें, आणि १९४९ चें पुस्तक हा त्याचा शेवटचा भाग होय.

थर्मन यांचें उत्तर असें. येशूचा धर्म निराळा आणि येशूविषयीं इतरांनीं रचलेला धर्म निराळा. येशू कोण होता? तो यहूदी होता, गरीब होता, आणि रोमन साम्राज्याच्या टांचेखालीं सांपडलेल्या एका लहान लोकसमूहांतला होता. पॉल रोमचा नागरिक होता. अन्याय झाला तर त्याला कैसरापर्यंत दाद मागतां येत असे. येशूला एखाद्या रोमन शिपायानें रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यांत ढकलून दिलें असतें, तर तो दुसरा एक यहूदी खड्ड्यांत पडला, याहून अधिक कांहीं झालें नसतें. म्हणून ज्यांना मागें सरावयास जागाच उरलेली नाहीं अशा लोकांनीं जगावें कसें, याचा विचार येशूनें बाहेरून केलेला नाहीं. तो त्यांच्यांतलाच एक होऊन केलेला आहे. सत्ताधाऱ्यांच्या हातीं सांपडलेला हा उपदेश मुळांत सत्ताहीनाचा होता, हें थर्मन यांचें मुख्य प्रतिपादन. आजीच्या नकाराला त्यांनीं येथें शास्त्राचें रूप दिलें आहे, हें वाचकांच्या लक्षांत येईलच.

पुढील चार प्रकरणांचीं नांवें भीति, कपट, द्वेष आणि प्रेम अशीं आहेत. त्यांपैकीं पहिल्या तिहींत ग्रंथकाराची प्रज्ञा सर्वांत तेजस्वी दिसते. भीतीचें वर्णन करतांना ते अत्याचाराच्या कथा सांगत बसत नाहींत. दुर्बलाला भिवविण्यासाठीं प्रत्यक्ष मारहाण व्हावीच लागते असें नाहीं, ती केव्हांहि होऊं शकेल एवढें पुरे असतें, हें ते दाखवितात. अशा हवेंत वाढलेलें मूल कोठें जावें, कोठें थांबावें, नजर कोठें ठेवावी हें शरीरानेंच शिकतें. आणि आईबापच त्याला लहान होऊन राहण्यास शिकवितात, कारण तें वांचावें अशी त्यांची इच्छा असते. भीति हें येथें संरक्षणाचें साधन आहे, पण तेंच पुढें मरणाचें साधन होतें. यावर थर्मन जें औषध सांगतात तेंहि आजीच्याच आठवणींतून आलेलें आहे. मालकाच्या पाद्र्याखेरीज आणखी एक प्रवचनकार तिनें ऐकला होता. तो स्वतः गुलाम होता. त्याचें प्रवचन कोठूनहि निघो, शेवटीं तो समोरच्या लोकांना बजावून सांगे कीं, तुम्ही गुलाम नाहीं, तुम्ही देवाचीं लेंकरें आहां. ही गोष्ट सांगतांना आजी ताठ होऊन बसे. एकाच ग्रंथावरचीं हीं दोन प्रवचनें एकमेकांशेजारीं ठेवलीं कीं, थर्मन यांच्या सर्व धर्मविचाराचा गाभा हातीं येतो.

कपटावरील प्रकरण आम्हांस अधिक धाडसी वाटतें. निर्बळ माणूस खोटें बोलतो यांत त्याची नीतिभ्रष्टता पाहणारे धर्मोपदेशक पुष्कळ आहेत. थर्मन प्रथम सृष्टीकडे बोट दाखवितात. शाईसारखा काळा द्रव सोडून शत्रूच्या तावडींतून निसटणारा माकूल, किंवा घरट्यापासून शत्रूला दूर नेण्यासाठीं जखमी झाल्याचें सोंग करणारा पक्षी, यांना आपण पापी म्हणत नाहीं. मग गुलामाला कां म्हणावें? हा प्रश्न विचारून ते तेथेंच थांबले असते तर पुस्तक लोकप्रिय झालें असतें, परंतु लहान झालें असतें. ते पुढें जातात आणि कपटाची किंमत सांगतात. जो जन्मभर दुसऱ्यांना फसवितो त्याला खऱ्याखोट्याचा भेद हळूहळू स्वतःच्या मनांतहि करतां येईनासा होतो. त्यामुळें शेवटीं ते निर्भय सत्याच्या बाजूला येतात, आणि येथें त्यांना गांधीजींची आठवण होते. द्वेषाचेंहि असेंच. द्वेष हा तुडविल्या गेलेल्या माणसाला कांहीं काळ कणा देतो, आपण कोणी तरी आहों अशी जाणीव देतो, हें थर्मन निःसंकोचपणें मान्य करतात. आणि मग तोच द्वेष सर्जनाची शक्ति कशी जाळून टाकतो हें दाखवितात. शत्रूचें नुकसान होतें म्हणून द्वेष टाकावा असें ते म्हणत नाहींत. द्वेष करणाराचें अंतर्याम त्यानें मरतें, म्हणून तो टाकावा.

हें सगळें लिहितांना त्यांची भाषा कोठेंहि चढत नाहीं. तें बोललेल्या वाणीचें गद्य आहे. वाक्यें बेताचीं, मध्यें थांबण्याच्या जागा, आणि दृष्टांत घरांतले. त्यांच्या पुढील काळांतील चिंतनपर पुस्तकांत, उदाहरणार्थ १९५३ च्या «मेडिटेशन्स ऑफ द हार्ट» मध्यें, ही वाणी अधिक मृदु झाली आहे. पण कधीं कधीं तींतला माणूस नाहींसा होऊन केवळ मनःशांति शिल्लक राहते. १९४९ च्या पुस्तकांत तसें होत नाहीं, कारण त्यांत आजी सतत हजर आहे.

आतां उणें काय तें सांगितलें पाहिजे. पहिलें उणें पॉलविषयींचें आहे. रोमच्या नागरिकत्वामुळें पॉलची दृष्टि निराळी झाली हें प्रतिपादन मार्मिक असलें तरी फार सरळ आहे. पॉललाहि फटके व कैद चुकली नव्हती. आणि ज्या एका प्रकरणाला आजीच्या घरांत परवानगी होती तें तेरावें प्रकरण पॉलनेंच लिहिलेलें आहे! आमच्या मतें ही विसंगति नसून आजीच्या विवेकाची खूण आहे. तिनें लेखकावर बहिष्कार घातला नव्हता; ज्या शब्दांचा चाबूक झाला होता त्या शब्दांवर तो घातला होता, आणि त्याच लेखणींतून उतरलेलें चांगलें वचन तिनें ओळखून राखलें होतें. नातवानें या अपवादाचा जितका विचार करावयास हवा होता तितका केलेला दिसत नाहीं. टीकाकार या नात्यानें आम्ही आजीला नातवाच्या वर बसवूं.

दुसरें उणें प्रेमावरील प्रकरणाचें. थर्मन यांचें प्रेम भोळें नाहीं, हें आम्ही जाणतों. रोमन मनुष्य 'रोमन' न राहतां नुसता मनुष्य म्हणून दिसावा, यासाठीं दोघांना एकत्र उभें राहण्याची जागा पाहिजे. वर्णभेदाच्या भिंती ती जागाच नाहींशी करतात. म्हणून भिंत पाडल्याखेरीज प्रेम शक्य नाहीं, असें ते स्पष्ट सांगतात, आणि सॅन फ्रान्सिस्कोचा प्रार्थनासंघ हा अशी जागा निर्माण करण्याचाच प्रयत्न होता. तरीहि एक शंका उरते. ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे त्याच्याकडूनच सर्वांत अधिक मागितलें जात आहे. पुस्तक तुडविलेल्यांसाठीं लिहिलें आहे, तुडविणारांसाठीं नव्हे, असें उत्तर यावर देतां येईल. परंतु क्षमेचा हिशेब मांडतांना एकच बाजू लिहिली तर तो हिशेब पुरा होत नाहीं.

ही शंका आम्हां मराठी वाचकांना सुचावी यास कारण आहे. २१ फेब्रुवारी १९३६ रोजीं बार्डोली येथें गांधीजींची व या मंडळाची भेट झाली. तिचा वृत्तांत महादेवभाई देसाई यांनीं पुढील महिन्यांत «हरिजन» पत्रांत छापला. गांधीजींनीं प्रश्नांवर प्रश्न विचारले: गुलामगिरीविषयीं, मताधिकाराविषयीं, जमावानें केलेल्या हत्यांविषयीं. स्यू थर्मन यांनीं गुलामांच्या भजनांपैकीं दोन म्हणून दाखविलीं. निघतेवेळीं गांधीजी म्हणाले कीं, अहिंसेचा निर्भेळ संदेश जगाला कदाचित् अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांकडूनच मिळेल. हें वाक्य सर्वांना पाठ आहे. पण थर्मन यांनीं आपल्या आत्मचरित्रांत याच भेटींतील आणखी एक गोष्ट नमूद केली आहे, ती सहसा कोणी सांगत नाहीं. अहिंसेचा लढा अद्याप यशस्वी कां झाला नाहीं असें विचारतां, लोकांचा आत्मसन्मान नष्ट झाला आहे, आणि तो परक्या राज्यकर्त्यानें नव्हे तर आपल्याच अस्पृश्यतेनें नष्ट केला आहे, अशी कबुली गांधीजींनीं दिली होती.

त्याच्या चारच महिने आधीं, १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं, येवलें येथें डॉ. आंबेडकरांनीं आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं अशी घोषणा केली होती. कोलंबोच्या विधिज्ञाचा प्रश्न आणि येवल्याची घोषणा एकाच ऋतूंतल्या आहेत. ज्या धर्माच्या नांवानें आपणांस दास केलें त्यांत रहावें कां? थर्मन म्हणाले, रहावें, पण त्याचें मूळ स्वरूप वेगळें काढून रहावें. आंबेडकर म्हणाले, राहूं नये. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास त्यांनीं आपला शब्द खरा केला. हा भेद दोन स्वभावांचा आहे असें म्हणून सुटका करून घेणें सोपें आहे. आम्हांस तो दोन ग्रंथपरंपरांचा वाटतो. आजीला पॉलचीं पत्रें बंद करतां आलीं, कारण बाकीच्या पोथींत मिसर देशच्या दास्यांतून बाहेर पडणाऱ्या लोकांची कथा तिच्या बाजूची होती. गाळावयाचें तर राखावयास कांहीं शिल्लक असावें लागतें. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील निबंधांत आंबेडकरांनीं शास्त्रांच्या प्रामाण्यावरच घाव घातला, तो अशा शिल्लक भागावर उभें राहण्याजोगी जागा त्यांना दिसली नाहीं म्हणून.

या दोहोंच्या मधला एक वाचक आपल्या भाषेंत त्याहून कितीतरी आधीं होऊन गेला होता. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं «गुलामगिरी» लिहिली, तेव्हां अवतारांच्या कथा त्यांनीं टाकून दिल्या नाहींत. त्या उलट्या बाजूनें वाचल्या, आणि वामनाच्या पायाखालीं गेलेल्या बळीला नायक केलें. तें पुस्तक त्यांनीं अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केलें आहे. जोतीरावांना नॅन्सी अँब्रोज ठाऊक असणें शक्य नव्हतें. परंतु पुण्याचा हा वाचक आणि डेटोनाची ती ऐकणारी या दोघांनीं पोथीला एकच प्रश्न विचारला: ही कोणाच्या सोयीची सांगितली जात आहे?

थर्मन यांच्यावर एक आक्षेप त्यांच्याच लोकांनीं घेतला होता, त्याचाहि विचार केला पाहिजे. ते मोर्चांच्या अग्रभागीं दिसले नाहींत; लढा पेटला असतां ते अंतर्मुखतेच्या गोष्टी बोलत राहिले. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. परंतु १९५८ च्या सप्टेंबरांत न्यू यॉर्कला किंग यांच्यावर शस्त्राचा वार झाला, त्यानंतर थर्मन त्यांना भेटावयास गेले व विश्रांतीचा काळ आणखी वाढवून घ्या, असें त्यांनीं आग्रहानें सांगितलें. लढ्याच्या वेगांत माणूस स्वतःला हरवून बसतो आणि मग त्याच्या जवळ देण्यासारखें कांहीं रहात नाहीं, हें त्यांचें मत होतें. सेनापतीला थांब म्हणून सांगणारा कोणी तरी छावणींत असावा लागतो. तें काम मिरवणुकींत दिसत नाहीं, पण तें काम नव्हे असें आम्ही म्हणणार नाहीं.

वारसा हा शब्द अशा पुरुषांच्या स्मरणांत फार सैलपणें वापरला जातो. स्वतः थर्मन यांना तो कसा मिळाला होता, हें १९७९ च्या त्यांच्या आत्मचरित्राच्या अर्पणपत्रिकेवरून कळतें. त्या वेळीं डेटोनांत कृष्णवर्णीय मुलांसाठीं सरकारी शिक्षण सातव्या इयत्तेपर्यंतच होतें. पुढील शिक्षणासाठीं जॅक्सनव्हिलला जावयाचें म्हणून हा मुलगा दोरीनें बांधलेली जुनी पेटी घेऊन स्टेशनवर आला. तिकिटापुरते पैसे होते. पण पेटीला मूठ नसल्यामुळें ती तिकिटावर जाणार नाहीं, तिचें भाडें निराळें भरावें लागेल, असें त्याला सांगण्यांत आलें. तो पायरीवर बसून रडूं लागला. कामकऱ्याच्या कपड्यांतला एक अनोळखी कृष्णवर्णीय गृहस्थ तेथें आला, त्यानें काय झालें तें विचारलें, पेटीचें भाडें भरलें आणि नांव न सांगतां तो निघून गेला. पासष्ट वर्षांनंतर थर्मन यांनीं आपलें आत्मचरित्र कोणा विद्यापीठाला किंवा कोणा नामांकित शिष्याला नव्हे, तर त्या अनोळखी माणसाला अर्पण केलें.

ज्यांचा वारसा हिरावून घेतला गेला त्यांचा वारसा अशाच हातांनीं चालत येतो: एका बाईचा नकार, आणि एका माणसानें भरलेलें पेटीचें भाडें. थर्मन यांचें पुस्तक मराठी वाचकानें मुळांतून वाचावें, त्याच्याशीं भांडावें, आणि आपल्या घरांतल्या पोथ्यांतलीं कोणतीं पानें कोणासमोर कशासाठीं वाचलीं जात होतीं, हें एकदां आपल्या आजीलाहि विचारून पहावें, एवढीच आमची विनंति आहे.